नाताळच्या आत राग गेलाच पाहिजे का?

डिसेंबर लागला की वसईतील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, आगमनकाळ सुरू झाला, चर्चमध्ये प्रीतीविषयी प्रवचन ऐकते आणि माझ्या मनातला राग मात्र तसाच आहे, मग मी ढोंगी आहे का?" (आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचा, चार रविवारांचा तयारीचा काळ; दर रविवारी एकेक मेणबत्ती लावतात.) हा राग कधी सासूवर असतो, कधी जावेवर आणि आमच्या भागात बहुधा भावावर, कारण येथे वाड्या विकल्या गेल्या तशी घरेही दुभंगली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण अनेक वर्षे या प्रश्नासमोर बसल्यामुळे त्याची नस मला सापडली आहे, असे म्हणण्याचे धाडस करते. पुढील हकिगतीत ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पन्नाशीला आलेल्या एक शिक्षिका २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्याकडे येऊ लागल्या. त्या लहानपणापासून चर्चच्या गायनवृंदात गातात. धाकट्या भावाने वडिलोपार्जित वाडी त्यांना न विचारता बिल्डरला दिली, तेव्हापासून चार वर्षे बोलणे बंद होते आणि प्रकरण कोर्टात होते. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला आला. त्यानंतरच्या भेटीत बाई म्हणाल्या, "पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. आता पंचवीस दिवस उरले."

"कशासाठी पंचवीस दिवस?"

"नाताळच्या रात्री मी त्याला मिठी मारली पाहिजे आणि माझ्या मनात काहीही राहता कामा नये. नाहीतर मी कसली ख्रिस्ती?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी जडणघडण झाली असल्याने 'पाहिजे' आणि 'कामा नये' हे शब्द माझ्या कानाला लगेच टोचतात. (एलिस स्वतः देवधर्म न मानणारे होते, तरी त्यांची पद्धत भाविकांच्या घरात मला नेहमीच उपयोगी पडली आहे.) इच्छा बाळगणे निराळे आणि स्वतःच्या भावनेवर हुकूम सोडणे निराळे, भावना हुकूम पाळत नाही, आणि मग माणूस भावावर रागावलेला असतो तो स्वतःवरही रागावतो. हे मी बाईंना समजावून सांगितले. त्यांनी ते शिक्षिकेच्या शिस्तीने वहीत उतरवले, आणि त्यांच्यात काडीचाही फरक पडला नाही.

पुढच्या भेटीत मी समजावणे सोडले आणि विचारले, "या दिवसांत तुम्ही मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, काय गाता?" त्या सांगू लागल्या, आणि सांगता सांगता थांबल्या. "आगमनकाळातल्या रविवारी ग्लोरिया नसते. ते महिमागीत आम्ही थेट नाताळच्या मिस्सेला गातो."

"चारही रविवारी?"

"चारही." बराच वेळ त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मी मध्ये बोलले नाही, आणि ते न बोलणे हे त्या दिवसाचे माझे सर्वांत चांगले काम होते, असे मला आजही वाटते. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे खुद्द चर्चही थांबते. आणि मी पहिल्या रविवारपासूनच स्वतःच्या गळ्यातून ग्लोरिया ओढून काढते आहे."

त्यानंतर आमचे काम सोपे झाले. बायबलमधील संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे जे वर्णन आहे, ते मराठीत 'सहनशील', 'परोपकारी' अशा विशेषणांनी सुरू होते; पण मूळ ग्रीकमध्ये तेथे ओळीने पंधरा क्रियापदे आहेत, असे एका धर्मगुरूंनी मला पूर्वी सांगितले होते. क्रियापद म्हटले की माझ्यासारखीला बरे वाटते, कारण काय वाटावे हे आपल्या हाती नसले तरी काय करावे हे पुष्कळ अंशी असते. त्याच पौलाने रोमकरांस लिहिताना सर्वांशी शांतीने राहण्याचा उपदेश केला आहे आणि त्याला दोन अटी जोडल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. या अटी प्रवचनांतून अनेकदा गळून पडतात आणि त्याची किंमत माझ्याकडे येणारी माणसे मोजतात. वाटणीचा हक्क सोडणे म्हणजे प्रीती नव्हे. ज्या घरात मारहाण होते, त्या घरातील स्त्रीला तर सणाचे निमित्त सांगून समेटाला कोणीही ढकलू नये; धर्मगुरूंनीही नाही, हे मी त्यांनाही सांगते.

तेव्हा 'तुमच्याकडून होईल तितके' म्हणजे नेमके किती, हे आम्ही ठरवू लागलो. नाताळात येशूजन्माचा जो देखावा मांडतात, त्यातल्या गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून काही दिवस आधी नाचणी पेरतात, बाई म्हणाल्या, "तेवढेच करीन. पेरीन. उगवले की नाही, हे रोज उकरून बघणार नाही." त्यांनी तीन गोष्टी निवडल्या: भाच्यांसमोर त्यांच्या वडिलांविषयी वाईट बोलायचे नाही, प्रार्थनेत भावाचे नाव घ्यायचे पण मनात प्रेम दाटून आल्याचा आव आणायचा नाही, आणि चार वर्षे बंद असलेला फराळाचा डबा पाठवायचा. वकील बदलायचा नाही, दावा मागे घ्यायचा नाही. मिठीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

जानेवारीत त्या आल्या, तेव्हा मी डब्याचे विचारले. आपल्याकडे शेजारचे भांडेसुद्धा रिकामे परत करत नाहीत. बाई हसल्या. "रिकामाच आला, मॅडम. पण घासून, पुसून, झाकण नीट लावून." मग पर्समधून वही काढून त्यांनी कोर्टाची पुढची तारीख पाहिली, ती फेब्रुवारीत होती.