मिसिर वट (इथिओपियातला मसूर डाळीचा दाट, तिखट रस्सा) घरी केलं की मसुराच्या आमटीसारखं लागतं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की डाळ आणि कांदा कुकरला शिजवून घेतलात आणि वरून तेलात बेरबेरेची, म्हणजे तिथल्या लाल मिरचीच्या मसाल्याची, फोडणी दिलीत. म्हणजे सामान बरोबर आहे, क्रम उलटा झालाय. मिसिर वटला फोडणी नसते. त्याची सगळी चव कांद्यात असते, आणि तो कांदा डाळीच्या आधी, एकटा शिजवायचा असतो.

मी हे अदिस अबाबात राहत असताना घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले. वाटीभर मसूर डाळीला त्या अर्धा किलो कांदा घ्यायच्या. अगदी बारीक चिरलेला. चॉपर वापरलात तरी चालेल, पण पेस्ट करू नका, कच्चा वास जात नाही. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा कोरडाच टाका, तेलाचा थेंबही नको. मंद आच. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग कांदा तळाला धरू लागेल; तेव्हा चमचाभर पाणी शिंपडून ढवळत राहा. वीस-पंचवीस मिनिटांत त्याचा मऊ गोळा होतो. इथे घाई केली की पुढे कितीही मसाला घाला, उपयोग नाही.

आता पाव वाटी तेल, आणि ते जिरलं की दोन-तीन मोठे चमचे बेरबेरे. मिरची चटकन करपते म्हणून पुन्हा थोडं थोडं पाणी घालत, दहा-पंधरा मिनिटं, तेल कडेला दिसेपर्यंत परतायचं. मग ठेचलेलं आलं-लसूण. या गडद लाल मिश्रणाला तिकडे कुलेत म्हणतात. कोंबडीचं डोरो वटसुद्धा याच्यावरच उभं राहतं.

त्यात धुतलेली डाळ घाला आणि गरम पाणी लागेल तसं ओतत, झाकण अर्धवट ठेवून शिजवा. कुकर नको. डाळ गळावी, पण वट पळीवाढं होऊ नये; इंजेरावर (टेफ नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची तिथली जाळीदार पोळी) ठेवलं तर जागचं हलता कामा नये. मीठ शेवटी.

तेलाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. तिथलं पारंपरिक तेल नुगचं, आणि नुग म्हणजे आपले कारळे. तेच पीक, मूळ इथिओपियाचं. कारळ्याचं, म्हणजेच खुरासणीचं, घाणीचं तेल मिळालं तर जरूर वापरा, नाहीतर कुठलंही साधं तेल. काही ठिकाणी तुम्हाला तूप लिहिलेलं दिसलं असेल, ते नितेर किब्बे, म्हणजे मसाल्यांत कढवलेलं तूप. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी सलग 55 दिवस असतात, आणि त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. तिथे डाळी-भाज्यांचे इतके प्रकार आहेत ते यामुळे, आणि उपासाचं मिसिर वट तेलातलंच.

कांदा-लसूण मसाला चालेल का असं विचारलंत. नको. त्यातल्या खोबऱ्या-तिळाने पुन्हा आमटीच होईल. बेरबेरे संपलं असेल तर घरीच करा: चार मोठे चमचे ब्याडगीचं तिखट, चमचाभर धणे, अर्धा चमचा मेथ्या, तेवढीच मिरी, पाव-पाव चमचा ओवा आणि कलौंजी, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडी सुंठ. तिखट आणि सुंठ सोडून बाकीचे हलके भाजून कुटायचे, मग सगळं एकत्र करायचं. खऱ्या बेरबेरेत कोरेरिमा नावाची तिथली वेलची असते. तिच्याऐवजी एका मसाला वेलचीचे दाणे घ्या. हिरवी वेलची नको, गोडसर वास येतो. मेथी आणि ओवा मात्र वगळू नका.

इंजेरासाठी टेफचं पीठ शोधत बसू नका. आंबवलेल्या पिठाची मालवणी आंबोळी करा. आंबटपणा आणि जाळी दोन्ही मिळतात, आणि वट तिच्यात छान मुरतं. डोसा कुरकुरीत असतो, तो इथे उपयोगाचा नाही.

घरात लहान मुलं असतील तर थोडा शिजलेला कांदा बेरबेरे घालायच्या आधीच बाजूला काढा. त्यात तेल, हळद, आलं-लसूण आणि डाळ घालून वेगळं शिजवलं की अलिचा होतो. तो मुळातच सौम्य असतो आणि एकाच ताटात वटशेजारी वाढतात.