व्हिएन्नाला जाऊ की ऑनलाइनच पोस्टर दाखवू?

प्रिय स.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूविज्ञानाच्या संघटनेची परिषद आहे. मराठवाड्यातल्या गारपिटीवरच्या तुझ्या संशोधनाचं पोस्टर तिथे स्वीकारलं गेलंय, व्हिसाही आलाय. गाईडना मात्र जमणार नाही. तुझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलताना जीभ अडखळते, म्हणून लॅबमधल्या सीनियरने सुचवलं की पोस्टर ऑनलाइनच दाखव. तू विचारतेस, "ताई, रद्द करू का?"

नको करूस. जा.

तिथे अठरा हजारांवर माणसं येतात, हा आकडा वाचून तुझी झोप उडाली आहे. माझीही उडाली होती. परदेशातल्या माझ्या पहिल्या परिषदेत मी पोस्टरशेजारी चाळीस मिनिटं एकटी उभी होते. मग एक वयस्कर बाई थांबल्या आणि माझ्या एका आलेखावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बिंदू बाकीच्यांपासून इतका लांब का?" त्या प्रश्नाने माझ्या कामाची पुढची दोन वर्षं ठरवली. तुलाही अठरा हजार माणसांशी बोलायचं नाहीये. असा प्रश्न विचारणारी दोन-तीन माणसं भेटली की खूप झालं, आणि ती पोस्टरसमोर उभं राहिल्यावरच भेटतात.

ती भेटतील याची खात्री मला आहे, कारण ऑस्ट्रियाला गारांचं दुःख ठाऊक आहे. दक्षिणेकडचा स्टायरिया प्रांत सफरचंदांचा आणि द्राक्षांचा. तिथे गारांपासून पीक वाचवायला विमानं ढगांत सिल्व्हर आयोडाइड नावाचं रसायन फवारतात. त्याने नेमका किती फरक पडतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हा वाद जगणारी माणसं त्या सभागृहात असतील. आत्ताच कार्यक्रमपत्रिकेत गारांवरची सत्रं शोध, गाईडना तीन नावं विचार आणि त्या तिघांना चार ओळींची मेल टाक: मी कोण, माझं पोस्टर कोणत्या दिवशी, येऊन पाहाल का. पहिल्यांदा येणाऱ्यांची जुन्या शास्त्रज्ञांशी जोडी लावून देणारी मेंटॉरिंगची योजनाही आहे तिथे. त्यात नाव घाल. रविवारी संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम असतो, तो चुकवू नकोस. त्या एका संध्याकाळी ओळखी झाल्या की पुढचे दिवस एकटीने जेवावं लागत नाही.

इंग्रजीचं म्हणशील, तर तिथे जर्मन, इटालियन, जपानी, चिनी अशा सगळ्यांनाच इंग्रजी परकीच असते. दोन वाक्यं तेवढी पाठ कर: मी मराठवाड्यातल्या गारांवर काम करते, रडारवर दिसणारा ढग आणि शेतात पडलेली गार यांचा मेळ का बसत नाही, ते शोधते. प्रश्न कळला नाही तर "जरा सावकाश सांगाल का?" असं सरळ विचार. कुणी म्हणालं की तुझी पद्धत चुकली आहे, तर लगेच वाद घालू नकोस. वहीत लिहून घे आणि त्यांचं नाव विचार.

किरकोळ गोष्टी: पोस्टरची नळी केबिनमध्ये जवळ ठेव. यू-वन मेट्रोने काइझरम्युलेन स्टेशनला उतरलीस की परिषदेची जागा, ऑस्ट्रिया सेंटर, लगेच आहे. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं असतं, बाटली भरून खुशाल पी. रोज दोन-तीनच सत्रं निवड. डोकं भणाणलं तर शेजारच्या डोनाउपार्कमध्ये जाऊन अर्धा तास बस, त्यात काही बुडत नाही.

आता पत्रातली ती गोष्ट, जी तू जाता जाता लिहिलीस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत तुमचा हरभरा आणि गहू भुईसपाट झाला. आजीने एक गार स्टीलच्या वाटीत जपून ठेवली, पण पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत वाटीत नुसतं पाणी उरलं होतं. अगं, हाच तुझा संशोधनाचा प्रश्न आहे! गार मोजायला कुणी पोचेपर्यंत ती उरत नाही. म्हणून जगभर लोक तिला ओळखीच्या वस्तूची उपमा देतात: कुठे वाटाणा, कुठे अक्रोड, आपल्याकडे आवळा, लिंबू. तुझ्या पोस्टरवर नुसते रडारचे नकाशे आहेत. एका कोपऱ्यात ती वाटी काढ, शेजारी लिंबू काढ आणि त्याखाली सेंटिमीटर लिही. कुणी थांबलं की बोलणं तिथूनच सुरू कर.

छापायला टाकण्याआधी मात्र घरी फोन कर आणि आजीला नीट विचार, गार नेमकी केवढी होती.

तुझी,
ताई