मी ४२ ची, नवरा ४६ चा. सहा-सात वर्षांचं मूल दत्तक घेतलं तर ते आम्हाला आपलं मानेल का? की आधी फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल सांभाळणं, करून पाहावं?

मानतं. फक्त आधी तुम्हाला चांगलंच पारखून घेतं. आमची लेक घरी आली तेव्हा पहिलीत जायच्या वयाची होती. आता क्लासच्या वेळांवरून माझ्याशी कडाकडा भांडते, त्यामुळे थोडं अनुभवाने बोलू शकते.

आधी हिशेब. तुमच्या वयांची बेरीज ८८. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याची मर्यादा ८५ आहे, त्यामुळे ते शक्य नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि चार ते आठसाठी १००. बेरीज दरवर्षी दोनने वाढते हे लक्षात घेऊन काय ते ठरवा. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या, पोर्टलवरच होते. मग सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन गृहभेटीचा अहवाल करतात. त्यांना फर्निचर बघायचं नसतं. नवरा-बायकोचं एकमत आहे का, सासूबाईंना काय वाटतं, हे त्या हळूच काढून घेतात. लहान बाळांसाठी लोक काही वर्षं थांबतात, मोठ्या मुलांसाठी रांग बरीच लहान आहे. आमच्या वेळी दत्तकाचा आदेश कोर्टातून यायचा. सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात.

‘ओळखीच्या नर्सकडे एक बाळ आहे’ असं कुणी सांगेलच. तिथून उठून निघून या. बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल देणं-घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आता मूळ प्रश्न. पहिले काही आठवडे मूल इतकं गुणी वागतं की पाहुणे कौतुक करतात. घाबरलेलं मूल तसंच वागतं. जरा स्थिरावलं की खरं सुरू होतं. आमच्याकडे उशीखाली पोळीचे तुकडे आणि दप्तरात बिस्किटांचा चुरा सापडायचा. ती आधी राहायची त्या संस्थेतल्या ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून रागावलो नाही. तिच्या हाताला येईल असा एक डबा ओट्याखाली ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही. लपवणं आपोआप कमी झालं.

झोपेचंही तसंच. ती मोठ्या खोलीत पोरींच्या रांगेत झोपलेली. स्वतंत्र गुलाबी खोली आपल्याला लाड वाटते, तिला शिक्षा वाटली. मग आमच्याच खोलीत गादी घातली. मध्येच ती अगदी लहान बाळासारखी मांडीवर येऊन बसायची, भरवायला सांगायची. भरवा. वय बघू नका.

‘तू माझी खरी आई नाहीस, मला परत सोड’ हे ऐकावं लागेल. उत्तर एकच ठेवायचं, दरवेळी त्याच शब्दांत: राग आला तरी तू इथेच राहणार आहेस. आपल्याकडे मुलांना ‘ऐकलं नाहीस तर बोर्डिंगात टाकीन’ असं सहज म्हटलं जातं. आजी-आजोबांनाही बजावून ठेवा, या घरात ते वाक्य गमतीतसुद्धा नको. तसंच ‘फार पुण्याचं काम केलंत हो’. मुलासमोर कुणी म्हणालं की मी सरळ म्हणायचे, ‘आम्हाला मूल हवं होतं, म्हणून आणली.’ उपकाराचं ओझं घेऊन कुणी लेकरू होत नाही.

सहा वर्षांच्या मुलाला मागचं सगळं आठवत असतं. संस्थेतल्या मावशी, शेजारच्या गादीवरची मैत्रीण, कधी जन्मदात्या आईचा चेहराही. विषय टाळलात तर ते तुमच्यापासून लपवायला शिकेल. संस्थेशी बोलून फोटो मागून घ्या, जमलं तर भेटवून आणा. नाव बदलू नका, हे माझं ठाम मत. काही पालक बदलतात. पण ती तिच्याजवळची एकमेव स्वतःची वस्तू होती, आम्ही ती का काढून घ्यायची? आडनाव आदेशानंतर जन्मदाखल्यावर लागतंच.

फॉस्टर केअर ‘करून पाहण्यासाठी’ असेल तर नकोच. ती वेगळी व्यवस्था आहे. तिथे मूल कायद्याने तुमचं होत नाही. काहींचे आई-वडील किंवा नातेवाईक असतात, परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं, आणि तुम्ही त्यासाठी मदत करणं अपेक्षित असतं. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर फॉस्टर पालकांना त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो, पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. पण मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं असेल तरच. मूल परत गेलं तरी चालेल इतकी मनाची तयारी असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. नसेल, तर दत्तकाचीच नोंदणी करा, आणि फॉर्ममध्ये वयोगट भरण्याआधी दोघं एकदा नीट बोला. आमच्यात त्या एका रकान्यावरून महिनाभर वाद चालला होता.