तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मुलगा म्हणतोय विकून टाका

प्रश्न : मी ६६ वर्षांची, हे ७१. सहकारनगरला तीन बेडरूमचा जुना फ्लॅट आहे, तिसरा मजला, बिल्डिंग १९८६ ची, लिफ्ट नाही. ह्यांचे गुडघे अजून चालतात, माझे नाही. भाजीची पिशवी घेऊन वर यायचं म्हणजे दोनदा थांबावं लागतं. मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणतो एवढं मोठं घर दोघांना कशाला, विकून वन बीएचके घ्या आणि उरलेले पैसे बँकेत टाका. हे म्हणतात मी कुठेही जाणार नाही, इथूनच जाणार. सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे पण ती किती वर्षं चालूच आहे. काय करावं?
एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला मोठ्या घराची तक्रार कुठेच दिसली नाही, जिन्याची दिसली. मुलगा मात्र घराच्या आकाराबद्दल बोलतोय, आणि तुमचे हे जागेबद्दल, म्हणजे बहुधा रोज सकाळी तळजाई टेकडीवर फिरणं, तिथले मित्र, ओळखीचा डॉक्टर, उधारी ठेवणारा वाणी याबद्दल. तिघांचे तीन वेगळे विषय आहेत म्हणून घरात भांडण होतंय, खरं तर ह्यांचं आणि तुमचं म्हणणं एकमेकांच्या आड येतच नाही. त्याच भागात, त्याच रिक्षा-बसच्या अंतरात, लिफ्टवाल्या बिल्डिंगमधे गेलात तर त्यांची टेकडी सुटत नाही आणि तुमचे गुडघे वाचतात. आधी दोघांनी बसून एवढं एकच ठरवा, की भाग सोडायचा नाही. स्वस्त मिळतंय म्हणून शहराबाहेरच्या नव्या टाउनशिपमधे जाऊ नका, तिथे बऱ्याच ठिकाणी पाणी टँकरचं असतं, तो खर्च मेंटेनन्समधे येतो, आणि डॉक्टरकडे जायचं तरी कॅब बोलवावी लागते. सत्तरीनंतर नवी माणसं जोडणं सोपं नसतं हो, अशक्य नाही पण सोपं नाही.

वन बीएचकेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आज दोघं आहात, चालते-फिरते आहात, एक खोली पुरेल असं वाटतं. उद्या एकाचं ऑपरेशन झालं, रात्री खोकला, दिवा चालू-बंद, आणि दुसऱ्याला झोप नाही. आणि ब्यूरोची बाई चोवीस तासांसाठी ठेवायची वेळ आली तर ती झोपणार कुठे? हॉलमधे? मी अशी घरं बघितली आहेत जिथे बाई टिकत नाही कारण तिला पाठ टेकायला जागा नाही. दोन बेडरूम हव्यातच, दुसरी लहान असली तरी चालेल.

आता पैशाचं बघू, कारण मुलाचा हिशोब इथेच चुकतोय असं मला वाटतं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला भाव कमी मिळतो आणि लिफ्टवाल्या नव्या बिल्डिंगचा दर स्क्वेअर फुटाला जास्त असतो, त्यामुळे मोठं विकून छोटं घेतलं की घसघशीत रक्कम हातात उरेल असं नसतं. समजा तुमचं घर एक कोटी दहा लाखाला गेलं आणि दोन बेडरूमचं रीसेलचं घर ९५ लाखाला मिळालं. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आहे, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६ टक्के, म्हणजे तरी ५ लाख ७० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार, दोन्हीकडचे एजंट, सोसायटीची ट्रान्सफर फी, पॅकर्स, पडदे-पंखे-ट्रॉल्या. आठ-दहा लाख असेच जातात, हातात उरतात पाच-सात, आणि क्लबहाउस, स्विमिंग पूल असलेली सोसायटी निवडलीत तर दर महिन्याचा मेंटेनन्स आत्ताच्या कितीतरी पट. म्हणून पैशासाठी हलू नका, जिन्यासाठी हला. (तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर साधारण ९५ हजार वाचतात, पण ह्यांचं नाव सहमालक म्हणून घातलं की ही सवलत जाते. आणि कसंही घेतलंत तरी दोघांनी मृत्युपत्र करून ठेवा, नुसतं नॉमिनेशन पुरत नाही, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.)

विकायच्या आधी एक गोष्ट आवर्जून करा. आपलं घर कुलूप लावून किंवा भाड्याने देऊन, जवळच लिफ्टच्या बिल्डिंगमधे अकरा महिन्यांच्या करारावर राहून बघा. पावसाळा जाऊदे, दिवाळी जाऊदे, पाहुणे येऊन जाऊदेत. ह्यांना "विकूया" म्हटलं की ते अंग आखडून बसतात, "वर्षभर राहून बघू, नाही जमलं तर परत" याला बहुतेक नाही म्हणणार नाहीत. आपलं घर भाड्याने दिलंत तर करार रजिस्टर करा, आणि महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाते हे हिशोबात धरा, शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत.

रीडेव्हलपमेंटचं म्हणाल तर कमिटीला सरळ विचारा की आर्किटेक्ट नेमलाय का, ५१ टक्के सभासदांची लेखी संमती झाली आहे का, बिल्डरबरोबर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट रजिस्टर झालंय का. झालं असेल तर अजिबात विकू नका, बिल्डर भाडं देईल त्यात जवळच लिफ्टच्या बिल्डिंगमधे राहा आणि नव्या बिल्डिंगमधे परत या. करार अजून व्हायचा असेल तर एका मोठ्या फ्लॅटऐवजी दोन लहान मिळतील का हे विचारून बघा, काही ठिकाणी असं जमलेलं आहे, एकात राहायचं आणि दुसऱ्याचं भाडं. पण सगळं अजून मीटिंगमधल्या चहापुरतंच असेल तर त्यासाठी गुडघे झिजवत थांबू नका.

घर बघायला जाल तेव्हा किचनच्या टाइल्स नंतर बघा. लिफ्टमधे स्ट्रेचर मावतो का, लाइट गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाते का, आणि गेटपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, कारण लिफ्ट आहे म्हणतात आणि तिच्यापर्यंत जायलाच सहा पायऱ्या चढायच्या असं खूप बिल्डिंगमधे असतं. कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, विचारा, जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला सेलेबल नको.

सामानाचं सगळ्यात जड जातं हे मला माहितेय. माळ्यावरची पितळी पातेली, पन्नास माणसांच्या पंगतीची भांडी, मुलांची अभ्यासाची टेबलं. मुलाला सांगा, तुझं जे आहे ते पुढच्या सुट्टीत येऊन बघून ठरव, त्यानंतर मी ठरवणार. सासूबाईंचं देवघर मात्र न्या, त्याला जागा होते.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, रिटायर्ड. १९९८ साली घेतलेला फ्लॅट विकून बदलापूरला लहान घर घेतोय, ४५ लाखात. ओळखीचे म्हणतात विक्रीची सगळी रक्कम नव्या घरात घातली नाही तर जबर टॅक्स बसेल. खरं आहे का?

उत्तर : नाही काका, सगळी रक्कम नाही, फक्त नफा बघतात. घर २००१ च्या आधीचं आहे म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या. समजा नफा ७० लाख निघाला आणि नवं घर स्टॅम्प ड्युटी धरून ४८ लाखाला पडलं, तर प्रश्न फक्त २२ लाखांचा. ते विक्रीपासून ६ महिन्यांच्या आत कॅपिटल गेनच्या (म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यासाठीच्या) सरकारी बाँडमधे टाकले, मर्यादा ५० लाख आहे, तर टॅक्स शून्य होतो, फक्त पैसे ५ वर्षं अडकतात. बाँड नको असतील तर त्या उरलेल्या नफ्यावर टॅक्स भरा. तुमचं घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्याने इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्के किंवा इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के, यातला जो कमी पडेल तो लागू होतो, सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या. नवं घर विक्रीच्या १ वर्ष आधीपासून २ वर्षं नंतरपर्यंत घ्यायला हवं, आणि घेतल्यावर ३ वर्षं विकू नका.

प्रश्न : नाशिकला एकटी राहते, ७० वर्षं. मुलगा-सून चांगले आहेत. ते म्हणतात तुझं घर विकू, त्यात आमचे पैसे घालून मोठं घर घेऊ, सगळे एकत्र राहू. घर मुलाच्या नावावर असेल कारण लोन त्याचं आहे.

उत्तर : एकत्र राहा, आनंदाने राहा, पण नावाशिवाय पैसे देऊ नका. तुमचे जेवढे पैसे तेवढा हिस्सा करारात तुमच्या नावावर लिहून घ्या, सहमालक म्हणून. लोन मुलाचं असलं तरी तुम्ही सहमालक होऊ शकता, बँक फार तर तुम्हाला सहकर्जदार म्हणून सही करायला सांगेल, ती सही करण्याआधी मात्र कर्जाची जबाबदारी तुमच्यावर कितपत येते हे वकिलाकडून समजून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी ती अट होती हे दाखवावं लागतं. तोंडी "आई, तुला काही कमी पडू देणार नाही" हे प्रेमाचं बोलणं आहे, कागद नाही. आणि विक्रीतले सगळे पैसे नव्या घरात घालू नका. टॅक्सचा हिशोब करून जेवढे बाजूला ठेवता येतील तेवढे सीनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममधे ठेवा, माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. ते खातं तुमच्या एकटीच्या नावावर असूदे, नॉमिनी मुलगा, आणि पासबुक तुमच्या कपाटात.