डोळे मिटलेत म्हणून ‘झोपला’ लिहू नकोस

आर्वी, जि. वर्धा

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. नाईटच्या चार्टवर ‘झोप चांगली’ लिहिलेलं असतं आणि सकाळी तोच पेशंट म्हणतो, ‘रातभर डोया नाही लागला सिस्टर.’ मग आयसीयूतल्या पेशंटच्या झोपेवरच्या तुझ्या डेझर्टेशनमध्ये धरायचं कोणाचं, असं तू विचारलंस. पेशंटचं धर. पत्र इथंच संपलं असतं, पण तुझ्या पुढच्या ओळी वाचून माझं डोकं तापलं, म्हणून लिहायला बसले.

गाईड म्हणतात, झोपेची पिट्सबर्गची प्रश्नावली घे, सगळे तीच घेतात. घेतात, मलाही माहीत आहे. १९८९ ची आहे, चांगली आहे, पण ती गेल्या महिन्याभराच्या झोपेचं विचारते. परवा पांढरकवड्याहून रेफर होऊन आलेल्या माणसाला महिनाभराचं विचारून काल रात्रीचं काय कळणार? महिन्यापूर्वी तो जागलीला होता, रानडुकरं हाकलत. आजारपणाआधीची झोप कशी होती एवढं टिपायला ती एकदा भरून घे. रोज सकाळी तीच पुढे केलीस तर आकडे येतील, त्यांना अर्थ नसेल.

दुसरं, झोप मोजायचा मनगटाचा पट्टा. तो हालचाल मोजतो आणि माणूस निपचित पडला की झोप धरतो. आयसीयूत निपचित कोण नसतं? एका हाताला सलाईन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा, तोंडात नळी, वर नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले. अशा माणसाची पट्टा भरपूर झोप दाखवणारच.

तिसरं, पॉलिसोम्नोग्राफी. मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण हे सगळं रात्रभर टिपणारी. झोपेच्या शास्त्रात तिचाच शब्द शेवटचा, हे खरं. पण गुंगीचं औषध चालू असलं किंवा सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग, असला की तरंगच बदलतात आणि झोपेच्या नेहमीच्या पायऱ्यांत ते बसत नाहीत. त्यासाठी जाणकारांना वेगळे प्रकार पाडावे लागले. शिवाय रात्रभर तारा सांभाळणारा तंत्रज्ञ तुमच्याकडे कुठून येणार? तुमच्याकडे ईसीजीचे इलेक्ट्रोडसुद्धा महिनाअखेर संपतात. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहूनच ठेवलंय की आयसीयूत झोप मोजायला अशी यंत्रं सरसकट लावू नयेत. पेशंटला झोपेबद्दल विचारावं, साधं बोलून किंवा प्रश्नावली घेऊन. गाईडना हे दाखव. यंत्रं दाराशी असणारेही शेवटी विचाराच म्हणतात.

तुमच्याकडे पावसाळ्यात मण्यार चावलेले येतात, ते आठव. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, खूण धड सापडत नाही, पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात आणि घरचे ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हणत आणतात तोवर श्वास अडखळलेला असतो. व्हेंटिलेटरवर घेतल्यावर तो दिसतो कसा? डोळे मिटलेले, अंग ढिलं, चेहऱ्यावर काही नाही. चार्टवर आपण लिहितो ‘शांत झोप’. प्रत्यक्षात त्याला पापणी उचलायची ताकद नसते, आणि गुंगीचं औषध नसेल तर डोकं आणि कान पूर्ण जागे असतात. कळंबकडचा एक पोरगा असाच होता. नळी निघाल्यावर त्याने आम्हाला ऐकवलं, रात्री सोन्याच्या भावावरून कोण बोलत होतं, कोणाच्या सासूने काय केलं आणि ‘हा काही वाचत नाही’ असं कोण म्हणालं ते. नावं माहीत नव्हती त्याला, पण आवाज ओळखून एकेकीकडे बोट दाखवत गेला. तेव्हापासून अशा पेशंटच्या कानाशी मी रात्री म्हणायची, ‘जागे असाल तर पायाचा अंगठा हलवा.’ हलला तर जागा आहे. नाही हलला तर त्यावरून काहीच ठरत नाही, तेही लक्षात ठेव. आणि त्याच्या उशाशी तोंड सांभाळा.

म्हणून विचार. बोलता येत नसेल तर मान हलवायला सांग, बोट हलवायला सांग, आठवडाभर थांबून विचार, पण त्यालाच विचार. दुखणं शून्य ते दहामध्ये विचारतो तेव्हा कोणी ‘हे पेशंटचं मत झालं’ म्हणत नाही. झोपेचंच काय वाकडं आहे?

आता कामाचं. रिचर्ड्स-कॅम्पबेलची प्रश्नावली घे. पाच रेघा, प्रत्येक १०० मिलिमीटरची: झोप किती गाढ होती, लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर परत लागली का, आणि एकूण झोप कशी झाली. पाचांची बेरीज, भागिले पाच. कोणत्या टोकाला शून्य आहे ते तुझ्या हातातल्या प्रतीवर नीट बघ. आवाजाची सहावी रेघ बऱ्याच ठिकाणी जोडतात, ती ठेव, पण सरासरीत घालू नकोस. २००० साली पॉलिसोम्नोग्राफीशी ताडून पाहिलेली आहे ही, ७० पेशंटवर. ते सगळे पुरुष होते. बाई एकही नव्हती, हेही तुझ्या डेझर्टेशनमध्ये लिही. बायकांच्या झोपेचं कोणी विचारायचं म्हणजे आपणच.

झेरॉक्सवाल्याकडून फॉर्म आणलेस की आधी पट्टी लाव. त्याचं मशीन कागदात बसवायला रेघ आखडून देतं आणि शंभरची रेघ पंच्याण्णवची होते. मग तू मिलिमीटर मोजत बसशील आणि सगळे आकडे आपोआप कमी येतील. फॉर्म कितीही सुबक दिसो, पट्टी लावल्याशिवाय एकही वॉर्डात नेऊ नकोस.

रेघ पाहून आपल्याकडची म्हातारी माणसं गोंधळतात. ‘हे काय लिवू मी?’ म्हणतात. तेव्हा आधी तोंडी विचार, ‘आजी, सोळा आण्यांतली किती आणे झोप झाली?’ ‘चार आणे बाई’ म्हणाल्या की मग रेघ दाखव. ‘ह्या टोकाला डोळ्याला डोळा नाही, त्या टोकाला मस्त झोप, तुमचे चार आणे कुठं येतात?’ बोट त्यांनी ठेवायचं. तू फक्त खूण कर. त्यांचं बोट धरून सरकवलंस तर ती तुझी झोप झाली. आणि आण्यांचा गुणाकार करून मिलिमीटर काढायचे नाहीत. आणे समजावण्यापुरते, आकडा रेघेवरचाच.

वेळ सकाळचीच, राउंडच्या आधीची. दुपारपर्यंत दोन डुलक्या झालेल्या असतात आणि रात्र विसरलेली असते. आयसीयूत चोवीस तासांतली जवळपास निम्मी झोप दिवसाच होते, तीही तुकड्या-तुकड्यांनी. म्हणून ‘काल रात्री’ असं स्पष्ट म्हण, आणि दिवसाची डुलकी वेगळ्या रकान्यात लिही.

विचारण्याआधी रॅस बघ, म्हणजे पेशंट किती जागा, किती गुंगीत ते. मग कॅम-आयसीयू कर, म्हणजे तो भ्रमात आहे का ते. जो बरळतोय त्याच्या हातात रेघ देऊन उपयोग नाही. फवारणीत विषबाधा झालेलं किंवा ‘औषध’, म्हणजे कीटकनाशक, घेतलेलं कोणी अ‍ॅट्रोपिनच्या उताऱ्यावर असलं की हवेत धागे वेचतं, चादर ओढतं, त्यातच आपण थोड्या थोड्या वेळाने डोळ्यात टॉर्च मारून बाहुल्या बघतो. ते सोडताही येत नाही, जीव त्यावर असतो. अशा माणसाच्या झोपेबद्दल त्या सकाळी ‘विचारता आलं नाही’ लिही आणि कारण लिही. नुसतं रिकामं सोडू नकोस. रिकामे फॉर्म गळून गेले की मागे बरे असलेले उरतात आणि तुझ्या आयसीयूत सगळे ठीक झोपतात असा निष्कर्ष निघतो. तीच प्रश्नावली सिस्टरने पेशंटकडे बघून भरायची पद्धतही आहे. हवी तर घे, पण वेगळ्या गठ्ठ्यात ठेव. २०१२ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात सिस्टर आणि पेशंट दोघांचे आकडे शेजारी ठेवले, तर सिस्टरचे वर निघाले. आपण रात्रभर राबलो, तर पेशंट झोपला असं आपल्याला वाटायला हवं असतं. मला तरी हवं असायचं.

अजून एक प्रश्न प्रश्नावलीत नाही, तो तू जोड आणि त्याला मार्क देऊ नकोस: ‘कशामुळे लागली नाही?’ तू आवाज धरून बसली आहेस. रात्री वॉर्डात ३० डेसिबलच्या वर आवाज नको, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हे तू लिहिलंस, बरोबर आहे. पण २००१ च्या एका अभ्यासात पेशंटचे तरंग आणि खोलीतला आवाज दोन्ही एकाच वेळी टिपले, तेव्हा आवाजाने मोडलेली झोप पाचव्या हिश्शाहूनही कमी निघाली. बाकी काय असतं ते आपल्या माणसांना विचार. एसीची थंडी असते. मे महिन्यात अंगणात खाट टाकून झोपणाऱ्याला त्या गार हवेत एका पातळ चादरीवर ठेवतो आपण. तहान असते. बाहेर व्हरांड्यात बायको उपाशी बसली असेल, हे असतं. वेचणीला आलेला कापूस असतो, बिलाचा आकडा असतो. यातल्या थंडीवर दुसरी चादर पुरते, पण आधी कळायला तर हवं.

आणि पहाटे चारचं स्पंजिंग असतं. ते का असतं? सकाळची ड्युटी यायच्या आत पेशंट स्वच्छ दिसावा म्हणून. त्याच सुमारास रक्त काढायचं, कारण राउंडला रिपोर्ट हवा. मी इनचार्ज असताना स्पंजिंग सहानंतर नेलं, अकरानंतर मोठे दिवे बंद करून फक्त कामाच्या जागेचा ठेवला, आणि ज्या पेशंटला चालेल त्याची औषधं-तपासणी एकाच फेरीत उरकायला लावली. सकाळच्या सिस्टर चिडल्या, एक डॉक्टर अंधारात काम करणार नाही म्हणाले, मला मेमो आला. कटकटी म्हणायचे मला, अजूनही म्हणत असतील. पुन्हा ती खुर्ची मिळाली तर पुन्हा तेच करीन. मी निवृत्त झाले आणि दिवे परत लागले, चारचं स्पंजिंग परत सुरू झालं. दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता, नुसता पेशंटचा शब्द आणि माझा आवाज. सकाळचे आकडे तेव्हा लिहून ठेवले असते तर निदान वाद घालायला काही राहिलं असतं. ही रुखरुख आहे, आणि तुझ्यावर एवढी ओरडतेय त्यामागे ती पण आहे, समजून घे.

गाईडशी भांडू नकोस, तुला अजून सही घ्यायची आहे. त्यांना म्हण, पिट्सबर्ग भरतीच्या वेळी घेते आणि रोजची रिचर्ड्स-कॅम्पबेल. बहुतेक मान्य करतील. नाहीच केलं तर मला फोन लाव, मी बोलते. ते माझे विद्यार्थी आहेत, मला बघून अजून उभे राहतात.

एथिक्स कमिटीची परवानगी हातात येईपर्यंत एकालाही फॉर्म देऊ नकोस. तोवर दहा प्रती काढ, पट्टी लाव, आणि तुझ्या हॉस्टेलच्या नाईट करून आलेल्या मैत्रिणींवर घेऊन बघ. कुठल्या रेघेवर अडखळतात ते मला रविवारपर्यंत कळव.

तुझी,
मॅडम