आर्किटेक्चर शिकून ग्रीक-रोमन शहरांचा अभ्यास करणारा पुरातत्त्वज्ञ होता येतं का? आणि आता सगळं स्कॅन होत असताना हाताने मोजून रेखाटनं काढायला शिकावं का?

होता येतं. मी झाले. पण खरं सांगायचं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की बी.आर्क.चं चौथं वर्ष चालू आहे, मेजर्ड ड्रॉइंग करायला आवडतं, पण सर म्हणतात, "त्यात वेळ घालवू नकोस, आता सगळं स्कॅन होतं." तुमच्या सरांना मी ओळखत नाही. तरी वाचल्या वाचल्या त्यांचा राग आला, आणि तो मूळचा कुणावरचा आहे तेही मला पक्कं ठाऊक आहे.

उत्खननाचा माझा तिसरा सीझन होता. पश्चिम तुर्कस्तानातलं एक प्राचीन शहर, नाव सांगत नाही, कारण सांगितलं की माणूस ओळखू येईल. अगोराच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या, उत्तरेला एक स्टोआ होता. स्टोआ म्हणजे आपली ओसरीच, फक्त शंभर-दीडशे पावलं लांब आणि पुढे खांबांची रांग. खांब गेलेले, भिंत गेलेली. संगमरवराचा वरचा थर मध्ययुगात कुणीतरी फोडून चुनाभट्टीत घातलेला, तो प्रकार त्या भागात सर्रास झालाय. शिल्लक होतं ते जोतं, म्हणजे जोत्याचा खालचा एक थर, ४१ मीटर. मला काम दिलं होतं ते त्याचं १:२० चं रेखाटन करण्याचं. स्कॅनवाली दोन मुलं येऊन दोन दिवसांत सगळं यंत्राने तिन्ही मितींत स्कॅन करून गेली होती. उत्खननाचे प्रमुख म्हणाले, "स्कॅनवरून गिरवून टाक, चार दिवसांत होईल." मी तीन आठवडे मागितले. एक मिळाला, तोही उपकार केल्यासारखा.

आता स्कॅनमध्ये काय दिसतं? जे आहे ते सगळं दिसतं. दगडावरची माती, दगडफूल, शेळीची लेंडी, सगळं मिलिमीटरपर्यंत बरोबर. खाचेत माती भरलेली असेल तर खाच दिसत नाही, मातीचा सपाट पृष्ठभाग दिसतो. मी फळीवर रेखाटनाची पारदर्शक फिल्म ताणून ४एच पेन्सिल घेऊन गुडघ्यावर बसले आणि पहिल्याच दिवशी चौथ्या दगडावर बोटभर लांबीचा, मातीने बुजलेला एक खळगा सापडला. लाकडी काडीने उकरला, ब्रश मारला, स्पंजने पुसला. मग पुढच्या दगडावर तसाच दुसरा, आणि मग ओळीने.

हे खळगे म्हणजे पहारीची भोकं. वरच्या थराचा दगड आणून ठेवला की तो आधी बसवलेल्या शेजाऱ्याला घट्ट भिडवायला त्याच्या मोकळ्या टोकाशी खालच्या थरात खळगा करायचा, त्यात पहार घालून दगड ढकलायचा. पुढचा दगड आला की खळगा त्याच्याखाली झाकला जातो. म्हणजे वरचा थर पूर्ण गायब असला तरी तो कुठून कुठे लावत गेले हे खालच्या खळग्यांवरून वाचता येतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. जागेवर बसल्यावर मात्र मला डावं-उजवं कळेना. खळगा इथे आहे, सांध्याची रेघ तिथे आहे, मग दगड गेला कुठे?

आमच्याकडे गावातले एक वयस्कर कामगार होते. त्यांना सगळे 'उस्ता' म्हणत. तुर्कीत कसबी कारागिराला उस्ता म्हणतात, आपला उस्ताद तोच. (दुकान, मैदान, साबण हे शब्दही त्यांच्याकडे जवळजवळ असेच आहेत, पहिल्या आठवड्यात फार आधार वाटतो.) उस्ता चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभे होते. माझा गोंधळ बघून त्यांनी ग्लास खाली ठेवला, क्रेनजवळची पहार आणली, खळग्याच्या वर अधांतरी धरली, दगडाला टेकवलीसुद्धा नाही, आणि नुसतं अंग मागे टाकून दाखवलं. अंग इकडे, पहारीचं टोक तिकडे. "ताश बॉयले गिटमिश," म्हणाले. दगड असा गेलाय. मग ते पुढच्या खळग्याशी गेले, पुन्हा तेच. असं करत सत्तावीस मीटरपर्यंत गेले आणि थांबले. तिथून पुढे त्यांचं अंग उलट्या बाजूला झुकायला लागलं.

दोन्ही टोकांकडून लावत येऊन शेवटचा दगड मध्ये वरून सोडायचा ही नेहमीची पद्धत होती, त्यामुळे दिशा उलटली यात नवल नाही. नवल हे की ती मध्यावर उलटली नव्हती, पूर्वेच्या कोपऱ्याकडे सरकून उलटली होती. आणि नेमकी तिथेच खालच्या थरातल्या लोखंडी पट्ट्यांच्या खाचा बदलत होत्या. पश्चिमेकडे दगड एकमेकांना जोडणाऱ्या खाचा कंसासारख्या, दोन्ही टोकं खाली वळवून शिसं ओतलेल्या. पूर्वेकडच्या चौदा मीटरमध्ये डमरूच्या आकाराच्या. सांध्याचं कामही तिथे ढिलं. पश्चिमेकडे सांध्याच्या कडेची पट्टी आरशासारखी घासलेली आणि मधलं पोट मुद्दाम खडबडीत ठेवलेलं, म्हणजे दगड फक्त कडांवर भिडतो आणि बाहेरून केससुद्धा जात नाही. पूर्वेकडे पेन्सिलीचं टोक जात होतं. मी घालून बघितलं.

म्हणजे पूर्वेचा कोपरा नंतर कधीतरी पुन्हा बांधला होता. पहिल्या अहवालात मात्र छापून आलं होतं की स्टोआ एका दमात बांधला.

संध्याकाळी मी रेखाटन टेबलावर पसरलं. प्रमुखांनी मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "सुंदर काढलंय. पण तू आर्किटेक्ट आहेस. टप्पे ठरवणं आमचं काम." जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर. मी काही बोलले नाही. तुर्कस्तानात परदेशी उत्खननावर सरकारचा प्रतिनिधी हजर असावा लागतो. त्या बाईंनी माझ्याकडे बघून गुपचूप टरबुजाची थाळी सरकवली, एवढाच काय तो पाठिंबा.

दोन वर्षांनी नवा अहवाल आला. त्यात 'दोन बांधकाम टप्पे' होते. माझं रेखाटन तळहाताएवढं करून छापलं होतं, आणि माझं नाव आभारांच्या यादीत, स्वयंपाकी काकांच्या नंतर. काकांचा नंबर माझ्या आधी लागला याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्या वांग्याच्या भाजीवर आम्ही जगलो. उस्तांचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

तर शिकावं का? शिकावं. रेखाटन म्हणजे नोंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी स्वतः केलेलं नसतं. रेषा काढायची म्हटलं की ठरवावं लागतं: ही कड आहे का तडा आहे? छिन्नीची खूण आहे का नांगराची? स्कॅनर हे ठरवत नाही.

पश्चिम तुर्कस्तानातल्या दिदिमाचं उदाहरण घ्या. अपोलोचं ते अवाढव्य देऊळ, खांब जवळजवळ वीस मीटर उंच, शतकानुशतकं काम चालूनही अपुरंच राहिलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनांनी ते खणून मोकळं केलं. मग सत्तरएक वर्षं विद्वान आले, पर्यटक आले, फोटो काढून गेले. आणि १९७९ मध्ये लोथार हासेलबेर्गर या जर्मन अभ्यासकांना आतल्या भिंतींवर कोरलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या. ऊन भिंतीला घासून जाईल अशा वेळीच त्या दिसतात. तो देवळाचाच नकाशा होता, बांधणाऱ्यांनी भिंतीवर काढून ठेवलेला. खांबाचं चित्र तर असं की रुंदी खऱ्या मापाची आणि उंची सोळापट दाबलेली, म्हणजे एका फुटाला एक अंगुळ, कारण त्यांच्या एका फुटात सोळा अंगुळं. खांबाच्या पोटाला जो हलकासा फुगवटा असतो तो अशा दाबलेल्या चित्रात कंपासने एकाच कमानीत काढता येतो. काम संपताना भिंती घासून गुळगुळीत करायच्या होत्या, रेघा पुसल्या गेल्या असत्या. देऊळ अपुरं राहिलं म्हणून नकाशा राहिला.

आता करिअरचं. बांधकाम वाचणारी ही शाखा जर्मनांनी वाढवली, 'बाउफोर्शुंग' म्हणतात, आणि तिच्यात आर्किटेक्ट लोक पहिल्यापासून आहेत. ट्रॉयमध्ये श्लीमान या हौशी उत्खननकर्त्याने जो गोंधळ खणून ठेवला होता, त्यातले थर सुटे करायला १८८२ मध्ये डोर्पफेल्ट आला. तो आर्किटेक्ट. बॅबिलोन खणणारा कोल्डेवाय, त्यानेही आर्किटेक्चरच शिकलेलं. त्या संध्याकाळी ही नावं मला सुचली असती तर "तू आर्किटेक्ट आहेस" हे वाक्य मी त्यांच्यासकट परत केलं असतं. असो.

भाषा: जर्मन लागतेच, कारण प्रिएने, पर्गामॉन, मिलेटस या तिथल्या प्राचीन शहरांचे जुने अहवाल जर्मनमध्ये आहेत. ग्रीक किंवा लॅटिन, दोन्हीपैकी एक तरी वाचण्यापुरती. तुर्की गेल्यावर येते. पदव्युत्तर शिक्षण बाहेरच करावं लागेल. डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व उत्तम शिकवतात, पण ही शहरं तिथला विषय नाही. भारतात राहून हेच काम जवळजवळ अशक्य. ग्रीकांच्या हाताखालून गेलेलं चौकटीबंद रस्त्यांचं शहर बघायचं तर तक्षशिलेचं सिरकाप, ते पाकिस्तानात. ऐ-खानुम अफगाणिस्तानात, फ्रेंचांनी १९७८ पर्यंत खणलं, नंतर लुटारूंनी खणलं.

पगाराचं विचारलंत. सीझनमध्ये तिकीट, जेवण, खाट. बाकीचे महिने मी पुण्यातल्या एका ऑफिससाठी सोसायट्यांच्या पुनर्विकासाची ड्रॉइंग काढते. स्थिर नोकरी फार थोड्यांना मिळते आणि ती मिळेपर्यंत चाळिशी येते. व्हिट्रुव्हियस या रोमन आर्किटेक्टने स्थापत्यावरच्या दहा भागांच्या ग्रंथात आर्किटेक्टला चित्रकला, भूमिती, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, वैद्यक, कायदा आणि खगोल आलंच पाहिजे असं लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ऑगस्टस बादशहाचे आभार मानलेत की तुमच्या बहिणीच्या शब्दामुळे माझं मानधन चालू राहिलं, आता मरेपर्यंत पोटाची चिंता नाही. आठ विद्या येऊनही वशिला लागलाच.

नातेवाईक विचारतील, "आपले किल्ले काय वाईट आहेत?" आमच्याकडे अजून विचारतात. मी कोल्हापूरची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची काशाची चिमुकली मूर्ती आमच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, ती मी चौथीत बघितली. हा ग्रीकांचा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी काय करतोय, एवढ्याच प्रश्नावर मी इथवर आले. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना असं म्हणत) नावं दान देणारे म्हणून कोरलेली आहेत. त्यामुळे 'आपलं' आणि 'त्यांचं' हा वाद माझ्यापुरता मिटलाय. मामाचा मिटलेला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. स्कॅनच्या विरोधात मी नाही. आज मीसुद्धा आधी साफ करून मग फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटो जोडून मोजमाप, करते आणि त्याची प्रिंट घेऊन दगडासमोर बसते. सगळं टेपने मोजण्यात आयुष्य घालवा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. सॉफ्टवेअर शिका, सर तेवढं बरोबर म्हणतात. आणि त्या स्टोआबद्दल: टप्पे दोन हे माझ्या रेखाटनातून निघालं, पण दुसरा टप्पा कधीचा हे नाही. मी तेव्हा छातीठोकपणे म्हटलं होतं की इ.स. १७ चा भूकंप, ज्यात रोमनांच्या आशिया प्रांतातली (आताच्या पश्चिम तुर्कस्तानातली) बारा शहरं पडली आणि टायबेरियस बादशहाने त्यातल्या सार्डिसला पाच वर्षं करमाफी दिली. नंतर त्या कोपऱ्यात चर घेतला, तेव्हा पायाच्या भरावात दुसऱ्या शतकातली खापरं निघाली. माझा अंदाज ऐंशी वर्षांनी तरी चुकला. खापरं वाचणारे लोक लागतातच.

तरीही आभारांची यादी मी विसरलेली नाही. म्हणून एक करा: कुठल्याही उत्खननावर जायच्या आधी ई-मेलवर विचारा की रेखाटनाखाली नाव कुणाचं छापणार आणि लेखात सहलेखक धरणार का. उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. राग येतो लोकांना, येऊ द्या. मी आता माझी टीम घेऊन जाते तेव्हा हे आधी लिहून देते. गेल्या वर्षीच्या रेखाटनांखाली तीन नावं आहेत, त्यातलं एक उस्तांच्या मुलाचं. तो आता वडिलांची पहार वापरतो.