स्कूटरच्या डिकीतला कोयता

प्रश्न : ताई, माझा भाचा १७ वर्षांचा. वडील ट्रॉलरवर खलाशी, बहीण बाजारात मासळी विकते. नाईट अंडरआर्मच्या सामन्यात रनआऊटवरून शेजारच्या वाडीतल्या मुलाने त्याच्या कानाखाली वाजवली, तीही सगळ्यांसमोर. तेव्हापासून दोन्हीकडून स्टेटसवर धमक्या चालल्यात. काल स्कूटरच्या डिकीत कोयता सापडला. पोलिसांत जाऊ, की त्याला मुंबईला पाठवू?
— एक मामा, मिऱ्या, रत्नागिरी

उत्तर : मामा, कोयता आजच तुमच्या ताब्यात घ्या. मुंबईला पाठवून राग इथे राहणार नाही, फोन त्याच्याबरोबरच जाणार आहे.

आता माणूस शोधा. पंचविशी-तिशीतला, दोन्ही वाड्यांतली पोरं ज्याला ‘दादा’ म्हणतात असा. कबड्डीचा जुना खेळाडू असेल, बोटीवरचा तरुण तांडेल असेल. पूर्वी स्वतः मारामाऱ्या करून त्यातून बाहेर पडलेला असला तर फारच उत्तम. गावच्या मानकऱ्यांपुढे पोरं मान खाली घालतात आणि नाक्यावर जाऊन पुन्हा तेच करतात.

शिकागोत २०००मध्ये डॉ. गॅरी स्लटकिन यांनी हेच केलं. आफ्रिकेत क्षय आणि कॉलऱ्याच्या साथींवर काम केलेला हा डॉक्टर. हिंसाही साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे त्यांनी ओळखलं आणि वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत काम सुरू केलं. पुढे भांडणात मध्ये पडायला त्याच गल्ल्यांतली माणसं नेमली, काही तर टोळ्यांतून बाहेर पडलेली. त्यांना पगार दिला. आपल्याकडे हे काम फुकटात व्हावं अशी अपेक्षा असते, ती मला पटत नाही. मंडळाच्या वर्गणीतून त्या दादाला निदान पेट्रोल-रिचार्जचे पैसे द्या.

त्याने दोघांना लगेच समोरासमोर बसवू नये. आधी एकेकट्याला भेटावं, उपदेश न करता ऐकावं. तुमच्या भाच्याला चपराकीपेक्षा चारचौघांत झालेला अपमान जास्त लागलाय. म्हणून दोघांनाही नाक न कापता मागे येता आलं पाहिजे. दोघांनी एकाच वेळी स्टेटस काढले, तर पहिला कोण हटला हा प्रश्नच उरत नाही. आणि दादाने पोरांच्या बातम्या पोलिसांना पुरवू नयेत. तो खबऱ्या आहे असा वास आला, की पुन्हा कोणी त्याच्याशी बोलणार नाही. मात्र कुणाच्या जिवावर बेततंय असं दिसलं, तर क्षणभरही न थांबता ११२ लावा.

भाच्याला कायदाही सांगा. १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पण २०१५च्या कायद्याने, १६ ते १८ वयातल्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला, तर मंडळाच्या तपासणीनंतर खटला प्रौढासारखा चालू शकतो. ‘मी अजून लहान आहे’ या भरवशावर तो असेल, तर आताच सावध करा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, पोरं रिकामी आणि नाक्यावर. त्याआधीच त्याला इंजिन दुरुस्तीच्या किंवा जाळी विणण्याच्या कामाला लावा, आणि दादाला रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारायला सांगा. बहिणीशीही बोला, मामा. कोयत्याचं तिला अजून माहीत नसेल, तर ते तुमच्याच तोंडून कळू दे.